चारचा खड्डा

३ मार्च

प्लगइन मलाच करायचं आहे — एकटीला! साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. पार्सलच्या गोदामातला सर्व्हर, ज्याच्या जिवावर पट्टे फिरतात आणि कुठलं खोकं कुठल्या ट्रकमध्ये जाणार ते ठरतं, त्याच्यावर नजर ठेवायचं सॉफ्टवेअर विकत आणलंय. पण ते ऊठसूट बोंबलतं. माझं प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचा छोटासा प्रोग्राम, सर्व्हरला दर मिनिटाला विचारणार, बरा आहेस ना? बरा असेल तर हिरवा, कुरकुरला तर पिवळा, गप्प झाला तर लाल.

मग दार लावून म्हणाले, दोन आठवडे नीट चाललं की ऑपरेटरची जागा बंद करायची. एवढ्यात कुठे बोलू नकोस.

ऑपरेटर म्हणजे मामा. माझे सख्खे मामा! मला इथे चिकटवलं ते त्यांनीच. मी मान डोलावली. का डोलावली?

५ मार्च

मामांनी त्यांची वही पुढे सरकवली. एकोणीस वर्षं तासातासाची नोंद, निळ्या शाईत. ही त्यातली शेवटची. "ठमाबाई, कामाला लागायच्या आधी ही वाच," म्हणाले. घेतली, कपाटात टाकली. समोर आलेख असताना हाताने लिहिलेलं कोण वाचत बसणार!

खरं तर त्यांच्या नजरेला नजर द्यायची नव्हती.

१० मार्च

रोज चारला आलेखात खड्डा. तीन मिनिटं सर्व्हर गप्प, मग पुन्हा टुणटुणीत. प्लगइन पिवळं, लाल, हिरवं. पट्ट्यावरच्या मुकादमाला विचारलं, तो म्हणाला तेव्हा पाळी बदलते, पट्टे थांबलेलेच असतात. झालं तर मग. एक ओळ लिहिली — चार ते चार दहा, दुर्लक्ष कर.

१२ मार्च

आज चारलाही हिरवा. जमलं बाई.

२१ मार्च

मामांकडे जेवायला. मामी कौतुकाने विचारत होती, तुझं ते यंत्र कुठवर आलं? चाललंय म्हटलं. मामा मान खाली घालून जेवत होते. वाढायला मात्र मला दोनदा वाढलं.

सांगायचं होतं. नाही सांगितलं.

२८ मार्च

मामांना पत्र मिळालं. टेबल दहा मिनिटांत आवरून झालं. डबा, चष्म्याचं घर, एक सदरा. किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

"वही वाचलीस ना?"

मी हो म्हटलं. धडधडीत खोटं.

मग मामा म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू सांगतेस का, एवढंच बघत होतो."

आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

३१ मार्च

दोन दिवसांच्या सुट्टीनंतर आज सर्व्हर पुन्हा चालू झाला. चार वीसला पिवळा. चार बावीसला लाल. पट्टे बंद, ट्रक रांगेत उभे, हॉर्नवर हॉर्न! आलेखात काही कळेना. शेवटी कपाट उघडलं, वही काढली.

प्रत्येक दिवशी चार वाजता एकच ओळ. "पट्टा रिकामा पाहिला. बंद करून चालू केलं." रोज! पहिल्या पानावर कारणही लिहिलेलं — दिवसभरात सर्व्हरच्या आत साठत जातं, तुंबतं. वरती तीनदा लेखी कळवलं. उत्तर नाही.

तो खड्डा म्हणजे मामा होते. मी त्यांनाच खोडून टाकलं.

घाईघाईत बंद-चालू केलं. पट्टा बघायचं राहून गेलं. पट्ट्यावर अडकलेल्या त्रेचाळीस खोक्यांचे सर्व्हरमधले पत्ते पुसले गेले. मुकादम आणि मी एकेक खोकं फिरवून वाचत बसलो.

१ एप्रिल

साहेब खूश! प्लगइनने दोन मिनिटांत पकडलं म्हणून पाठ थोपटली. मी वहीचं सांगितलं. तर म्हणे त्यात काय, चारला आपोआप बंद-चालू होईल असं लिहून टाक. म्हटलं, पट्टा रिकामा आहे की नाही ते त्याला दिसत नाही. "मग तू बघ. पाच मिनिटांचं तर काम."

४ एप्रिल

रोज चारला मी पट्ट्याशी. साहेब आणि मुकादम सोडले तर कोणाला पत्ता नाही. प्लगइन हिरवंगार, माझं नाव मोठं. लाज वाटते.

मामांकडे गेले. मामीने दार अर्धंच उघडलं. झोपलेत म्हणाली. आत रेडिओ चालू होता.

७ एप्रिल

ती दुर्लक्षाची ओळ काढून टाकली! आता रोज पावणेचारला लाल, आणि तोही साहेबांच्या फोनवर. पट्टा डोळ्यांनी पाहिल्याची नोंद कोणी सहीनिशी भरेपर्यंत हिरवा होणार नाही.

मग पत्र लिहिलं, साहेबांना आणि त्यांच्या वरच्यांना. खड्डा मी लपवला, वही मी वाचली नाही, दोन आठवड्यांचा हिरवा रंग मामांच्या हातांचा होता. उद्यापासून ती नोंद मी भरणार नाही. खाली माझं नाव. लगेच पाठवून दिलं.

८ एप्रिल

साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. "आत्ताच्या आत्ता काढ ते!" नाही काढलं. चारला उठलेही नाही. मुकादम आधीच पट्टा रिकामा ठेवून बसला होता. आलेख रेंगाळला, सर्व्हर कुरकुरू लागला, साहेब स्वतः खाली धावले. कसंबसं निभावलं.

नोकरी बहुतेक जाणार.

९ एप्रिल

साहेब माझ्या टेबलापाशी आले. बसले नाहीत. वरून विचारणा झाली आहे, मामांना आजच बोलावणं पाठवतोय, येतील का ते? माहीत नाही म्हटलं.

संध्याकाळी गेले. दार उघडलं नाही. जिन्यातच उभी राहून सगळं सांगितलं, शेजारच्यांनी ऐकलं तर ऐकलं. "मामा, मी वही वाचली नव्हती. खोटं बोलले. तुमची जागा जाणार हेही माहीत होतं मला."

आतून मामी म्हणाली, "ऐकलंय त्यांनी. जा आता."

१० एप्रिल

काही निरोप नाही. आजही साहेबच धावले.

११ एप्रिल

चार वाजून तीन मिनिटं. हिरवा. नोंदीत ओळ आली आहे — पट्टा रिकामा पाहिला, बंद करून चालू केलं. खाली मामांची सही. मी जागेवरून उठलेच नव्हते.