पाहुणीशी इंग्रजी नको

रॉसावील,
१८ जानेवारी २०१८

चि. सोरखा हिला फेस्टीमामाचे अ. आ. वि. वि.

तुझं आयरिशमधलं पत्र पोचलं. नेहमीच्या चार ओळींच्या जागी चौदा होत्या, मी मोजल्या. तुझी आई डब्लिनला गेल्यावर तुझ्याशी ही भाषा बोललीच नाही. त्याचं भांडण माझं तिच्याशी आहे, तुझ्याशी नाही.

आता कामाचं. आपल्या इनिश गॉर बेटावरच्या माध्यमिक शाळेतले विज्ञानाचे मास्तर उन्हाळ्यात निवृत्त होतायत. तीनदा जाहिरात देऊनही आयरिशमधून भौतिकशास्त्र शिकवणारं कुणी मिळालेलं नाही. मिळालं नाही तर वरच्या वर्गातली सहा मुलं सप्टेंबरपासून इकडे मुख्य भूमीवर, वसतिगृहात. विज्ञान इंग्रजीत. असा गेलेला वर्ग परत आलेला मी पाहिला नाही.

पदवी तुझ्याकडे आहे. गुरुवार, १९ एप्रिलला निवड समितीसमोर चाळीस मिनिटांचा तास घ्यायचा. एक वाक्य इंग्रजीत गेलं की नाव खोडलं. फेब्रुवारीतच ये, शाळेत सराव कर, बेटावर माझ्या शेजारणीकडे, बॅबीनकडे राहा. मी मार्चअखेरपर्यंत इथे फेरीबोटीचं इंजिन उघडून बसलोय, तेव्हा बोलणं पत्रानंच; लिहिताना तुझं आयरिश टिकतं. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि इंजिनाची पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. तुला तर विद्यापीठानं शिकवलंय, मग अडतंय कुठे?

मामावर आहे तेवढी माया राहू दे, वाढली तरी हरकत नाही.
फेस्टी


इनिश गॉर,
१२ मार्च २०१८

ती. फेस्टीमामांना सोरखाचा नमस्कार वि. वि.

मी खुशाल आहे, बॅबीनकाकू बटाटे वाढून वाढून मला गोल करतायत. पण मामा, महिना झाला आणि माझं आयरिश होतं त्याहून वाईट झालंय.

दुकानात मी आयरिशमध्ये ब्रेड मागते, उत्तर इंग्रजीत येतं. पोस्टमन माझं पहिलं वाक्य हसून ऐकून घेतो आणि दुसऱ्याला इंग्रजीवर येतो. काकू तर म्हणाल्या की पोरी, दिवसभर शाळेत दमतेस, घरात तरी जिभेला विसावा दे, मला इंग्रजी कळतं हो सगळं. कुणी हसत नाही, टोचत नाही. सगळे इतके चांगले वागतात की मला रडू येतं.

गेल्या मंगळवारी उष्णतेचा धडा घेत होते. एका मुलीनं माझी अडचण ओळखून प्रश्न इंग्रजीत विचारला आणि उरलेला अर्धा तास मी इंग्रजीतच शिकवलं. मला कळलंसुद्धा नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी नंतर हळूच सांगितलं की अशी समितीपुढे गेलीस तर तुझाही निभाव नाही आणि वर्गाचाही. शुक्रवारी मी नाव मागे घेतेय.

रागावू नका, पण लिहिते. रॉसावीलच्या धक्क्यावर माझी बॅग उचलताना तुम्हीसुद्धा माझ्या दुसऱ्याच वाक्याला इंग्रजीत वळलात.

तुमच्या अपेक्षेला उतरले नाही, तरी माया आटू देऊ नका.
सोरखा


रॉसावील,
१४ मार्च २०१८

चि. सोरखा, आ. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा मनातल्या मनात तुझी चूक शोधली. तिसऱ्यांदा धक्का आठवला. बॅग जड आहे का, असं मी इंग्रजीत विचारलं होतं. शब्दसुद्धा आठवतात.

आमच्यात हा पाहुणचार आहे. बाहेरचं माणूस अडखळलं की त्याला त्रास नको म्हणून आपण त्याच्या भाषेत जायचं. माझी आई डॉक्टरशी तशी बोलायची, मास्तराशी तशी बोलायची, आणि आम्ही त्याला रीत समजलो. तुला आम्ही पाहुणी केलं, तिथेच घात केला.

काल बेटावरच्या एकतीस घरांना एकतीस चिठ्ठ्या लिहिल्या, सगळ्या हातानं. सोरखाशी इंग्रजीत बोलणारा माणूस आपल्याच सहा पोरांना बोटीत बसवतोय, एवढंच. आज बॅबीनचा फोन आला. तू कोण मला रीत शिकवणारा, पोर ताटावर घास अडकल्यासारखी शब्द शोधत बसते, ते मी नुसतं बघत राहू का, म्हणून कडाडली. मी म्हटलं, हो, नुसतं बघत राहा. तिनं फोन आपटला.

नाव मागे घेऊ नकोस. ३१ तारखेला मी परत येतो. मग रोज संध्याकाळी पाचला माझ्या बोटीच्या शेडमध्ये ये आणि मला डिझेल इंजिन समजावून सांग. मला इंग्रजी येत नाही असं धरून चाल. चुकीचं सांगितलंस तर सोडणार नाही, हेही धरून चाल.

इंग्रजीत बोललो त्या मामाला विसर, उरलेल्यावर लोभ असावा.
फेस्टी


इनिश गॉर,
२० एप्रिल २०१८

ती. मामा, सा. न. वि. वि.

तुम्ही रविवारपर्यंत बोटीच्या कामाला रॉसावीलला, म्हणून पुन्हा पत्रच. काल समितीपुढे दाबाचा धडा होता. अकराव्या मिनिटाला शब्द गेला. साफ गेला. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, खडू हातात, मागे सहा मुलं. समितीतल्या डब्लिनच्या परीक्षकांना माझी दया आली. अगदी मायेनं, इंग्रजीत म्हणाले की घाई नाही, सावकाश सांगा. मामा, इंग्रजीतलं उत्तर ओठापर्यंत आलं होतं. ते गिळलं आणि आयरिशमध्ये म्हटलं की साहेब, मला मदत नको, फक्त थांबा. ते लाल झाले. पण थांबले. शब्द आला नाही तो नाहीच, मग मी सिरिंजमध्ये पाणी भरून तीच गोष्ट मुलांकडून करवून घेतली.

निकाल आज मिळाला. एक वर्षाची नेमणूक, उन्हाळ्यात प्रशिक्षण सक्तीचं, पुढच्या मे महिन्यात पुन्हा तपासणी. म्हणजे वर्ग वर्षभर वाचला, कायमचा नाही. मुलांना मी तसंच सांगितलं.

घरी येऊन काकूंना सांगायला गेले, तर चिखलाचे बूट घालून त्यांच्या धुतलेल्या फरशीवर उभी. त्यांनी मला आयरिशमध्ये अशी झाडली, इतक्या वेगानं, की निम्मं कळलं नाही. पाहुणीला कुणी असं बोलत नाही. मी बूट काढले आणि फरशी पुसायला घेतली.

शेडमध्ये सोमवारी येते. चुका काढत राहा, आणि जीवही लावत राहा.
तुमची सोरखा