उजवी, डावी आणि अलिडाची बशी

बुलावायो,
९ एप्रिल १९९६

प्रिय बारेंड,

तुझी तब्येत शेवटी विचारतो, आधी बाकीच्यांची. तुझ्या मार्टीच्या गुडघ्यांचं काय म्हणणं आहे? तुझ्या बहिणीने, आमच्या अलिडाने, तिच्यासाठी कोरफडीचं मलम करून ठेवलंय. सासूबाईंचा खोकला थांबला का? नसेल, तर त्यांना तंबाखू सोडायला सांगण्याचं धाडस तूच कर, मला अजून चार दिवस जगायचंय. तांबडी कुत्री व्याली का? चेंजेराईची मांडी मी सोमवारी स्वतःच पाहिली, ते पुढे सांगतो. शिकारीच्या मोसमात तो पुन्हा तुझ्यापुढे माग काढत चालेल, पण गेल्या सप्टेंबरात रानरेड्याचं शिंग जिथे घुसलं, तिथे थंडीत कळ येणारच.

आम्ही दोघं जुन्या बैलगाडीसारखे. करकरतो, पण चालतो. अक्षर मोठं काढतोय, शाई पसरते म्हणून.

नाताळाआधी तुझं पत्र आलं होतं. ‘तुझ्या गोळ्यांचा एक बार हरारेला जातो आणि दुसरा केपटाऊनला, म्हणून चेंजेराई आडवा झाला,’ हे अलिडाने मोठ्याने वाचलं. मी हसेन म्हणून वाट पाहिली तिने. मला हसू आलं नाही. उलट तुझं खरंच असेल असं धरून मी कामाला लागलो.

तर गोळ्यांची हकीकत. नाताळात तू वडिलांची दुनळी बंदूक माझ्याकडे ठेवून गेलास, त्याच आठवड्यात मी मऊ शिशाचा गोळा तेल लावून दोन्ही नळ्यांतून ठोकत बाहेर काढला आणि मापला. नळ्या हल्लीच्या गोळ्यांपेक्षा केसभर मोठ्या निघाल्या. सीमेपलीकडच्या मेसिनाच्या एका दुकानदाराने अख्ख्या पितळेच्या गोळ्या पाठवल्या. म्हणाला, ‘काका, रेडा काय, रेल्वेचं इंजिनही भेदतील.’ मी म्हटलं, ‘बाबा रे, इंजिनं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, आता भेदायची कशाला?’ आणि परत केल्या. आपल्या नळ्या जुन्या, पातळ पोलादाच्या. पितळ दबत नाही. मग नळीच दबते आणि आतले पीळ बाहेरून वळांसारखे दिसायला लागतात. जुन्या भांड्याला लोखंडी कलथा लावू नये.

हलकी गोळीही नको होती. ज्या वजनाला कारागिराने या दोन नळ्या जुळवल्या, त्याच वजनाला त्या एकमेकींशी गोडीने वागतात. वजन बदललं की जावांसारख्या तोंडं फिरवतात. पाचशे ग्रेन म्हणजे पाचशेच. शेवटी मेसिनालाच एक म्हातारा लेथवाला भेटला. जाड तांब्याचं कवच, आत शिसं, माप माझं. त्याने इतके महिने लावले की माझा धीर सुटला. गेल्या आठवड्यात बसच्या ड्रायव्हरने दुधाच्या डब्यात, मोज्यात गुंडाळून, कागदपत्रांसकट आणून दिल्या. मी भरल्या. तुझ्या रिवाजाप्रमाणेच, उजवीसाठी मऊ टोकाच्या, डावीसाठी भरीव.

शनिवारी सकाळी आम्ही दगडाच्या खाणीत गेलो. वाळूच्या पिशवीवर टेकवून उजवी, मग डावी. अलिडाने डब्यातला चहा ओतायला बशी आणली होती, ती तिने निशाण्याच्या कागदावर धरली. दोन्ही भोकं बशीखाली झाकली. पुन्हा जोडी झाडली, पुन्हा झाकली. मला नाचावंसं वाटलं, पण कंबरेने परवानगी दिली नाही.

तिथेच डबा बंद करून घरी यायला हवं होतं. पण गेल्या मोसमातली तुझी काही काडतुसं माझ्याकडे उरली होती. तू शिव्या घातल्यास तीच. म्हटलं, बघू तरी नळ्या किती भांडतात.

बारेंड, तीही बशीखाली झाकली.

अलिडा बशी धरून उभीच राहिली. ‘लोरेन्स, बशी तीच आहे ना?’

‘तीच.’

‘मग?’

मी म्हटलं, वारा पडला असेल. तिने झाडांकडे पाहिलं. सकाळपासून पान हललं नव्हतं. परत येताना गाडीत ती एकच वाक्य बोलली, ‘बाबांनीही शेवटी बंदुकीलाच दोष दिला होता.’

हे तुला लिहावं की नाही, यात रविवार गेला. सोमवारी चेंजेराई इथल्या दवाखान्यात मांडी दाखवायला आला, तो चहाला घरी. तू पाठवलंस असं म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. तीन चमचे साखर घातली आणि म्हणाला, ‘मुधारा,’ (मला तो म्हातारबा म्हणतो, स्वतः माझ्याच वयाचा!) ‘गोळ्या मिळाल्या?’

‘मिळाल्या. चांगल्या आहेत.’

‘आधीच्याही चांगल्याच होत्या,’ तो म्हणाला.

अलिडा म्हणाली, ‘चेंजेराई, सरळ बोल.’

‘बाईसाहेब, आधी बार झाला की मी विचारायचो, कुठे लागली? आता तो मला विचारतो.’ मग बराच वेळ चमचा ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली होती.

‘तरी मे महिन्यात जाशील त्याच्याबरोबर?’ मी विचारलं.

‘बोलावलं तर जाईन. त्याच्यापुढे दुसरा कोणी चालला, तर मला घरी झोप लागेल का?’

दमलो रे मी. मेसिनाच्या खेपा, मापं, पत्रं, यांत कधी दमलो नव्हतो. गोळ्या शोधणं सोपं होतं. तूही शोधत होतास, मीही शोधत होतो, आणि दोघांना बरं वाटत होतं, कारण गोळी मिळेपर्यंत दुसरं काही बघावं लागत नव्हतं.

म्हणून ऐक. काडतुसं भरून तयार आहेत. मी ती पाठवणार नाही. दुनळीही पाठवणार नाही. मोसम सुरू होण्याआधी तू इकडे ये, मार्टीला घेऊन. खाणीत जाऊ. वाळूची पिशवी नाही, उभ्याने, रेडा समोर आल्यासारखी उजवी आणि लगेच डावी. कागदावर तीच बशी असेल. दोन्ही भोकं झाकली गेली, तर सगळा डबा उचल आणि मला गाढव म्हण, मी मान खाली घालून ऐकेन. नाही झाकली, तर दुनळी या घरात राहील आणि मी तुला त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेईन. त्यांच्याकडून मोतीबिंदू काढून आल्यापासून आमचे पोस्टमास्तर चिमण्या मोजत बसतात. तुझंही तेवढंच असेल. पण तोवर चेंजेराई तुझ्या नळीच्या पुढे चालणार नाही. तुला राग येईल. येऊ दे. एका माणसाच्या मांडीपेक्षा तुझा राग स्वस्त आहे.

आता तुझी तब्येत. कशी आहे, खरं सांग.

मोसम तोंडावर आलाय, परतीच्या बसनेच उत्तर धाड. शिव्या लिहिल्यास तरी चालतील, पण लिही. आणि अक्षर मोठं आलं तर लाजू नकोस. गेली तीन पत्रं ते मोठंच येतंय, आम्ही दोघं एकमेकांना सांगत होतो की तुझी शाई पसरते.

तुझ्या बहिणीचा नवरा, आणि तुझ्या प्रत्येक गोळीचा जामीन,
लोरेन्स