दातातला दागिना

निपाणी,
सोमवार, ६ फेब्रुवारी १९३९

प्रिय विनू,

अनेक आशीर्वाद. परवा तुझ्या वडिलांचं पत्र आलं. श्रीपाद माझा धाकटा भाऊ खरा, पण वकील झाल्यापासून पत्रंसुद्धा नोटिशीसारखी लिहितो. येत्या गुरुवारी तुला बेळगावच्या कँपातल्या दातांच्या डॉक्टरांकडे नेऊन तुझ्या सगळ्या तारा काढून टाकणार म्हणे. ‘आक्का, जिला जपता येत नाही तिला तारा कशाला?’ असं लिहिलंय. वाचलं आणि मला जेवण गेलं नाही.

अगं, तुझ्याइतकं दातांना जपणारं माणूस मी जन्मात पाहिलेलं नाही. संक्रांतीला इथे आलीस तेव्हा पहिल्या दिवशी मी हसलेच होते. चहा प्यायलीस की चूळ, जेवलीस की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग आरशासमोर उभी राहून तो ब्रश एकेका तारेखालून फिरवायचा. भाकरी दुधात कुस्करून, पेरू किसून. आमची दूधवाली बाळाबाई म्हणायची, ‘एवढ्या येळात माझ्या दोन म्हशी धुऊन हुत्यात की!’ मी तर तुझ्यापुढे मिश्रीची डबीच सरकवली. या तंबाखूच्या गावात आम्हा बायकांना दात घासायला दुसरं काय ठाऊक? तू मान हलवलीस आणि म्हणालीस, ‘आत्या, तुझ्या हिरड्या बघ की गं आरशात.’ मला राग आला. पण तू अंगणात गेल्यावर बघितल्या.

खरं सांगू? हे पुढे आलेले दात तुला माझ्याकडूनच आलेत. तुला शाळेत मुली ‘फावडी’ म्हणतात, मला सासरी आल्या दिवशीच नणंद म्हणाली होती. तेव्हापासून हसू आलं की पदर तोंडावर. पस्तीस वर्षं झाली. तुझ्या आतोबांनीसुद्धा मला उघड्या तोंडानं हसताना पाहिलेलं नाही. आणि तू? हळदीकुंकवाला आलेल्या बायका तुझ्या तोंडाकडे टकमका बघत होत्या, तरी तू तारांसकट खळखळून हसलीस. मला तुझा हेवा वाटला विनू, आणि फार बरंही वाटलं.

त्याच दुपारी मी तिळाची वडी तुझ्या तोंडात घातली. डॉक्टरांनी चिकट खायचं नाही म्हणून सांगितलंय, असं तू दोनदा म्हणालीस. मी म्हटलं, सणाला नाही म्हणू नये. चिकीचा गूळ तो! तार निसटली आणि टोक गालाला टोचायला लागलं. श्रीपादला कळू नये म्हणून मी तुला नेलं कुठं, तर मारुतीराव सोनाराकडे. सोन्याची तार, मग सोनारच नको का? एवढीच माझी अक्कल. त्यानं चिमट्यानं पीळ दिला आणि म्हणाला, ‘वैनी, दातातला दागिना पयल्यांदाच बघतोय, पर लई घट्ट बसवलाय. आता न्हाय हलायचा.’ तार हलली नाही, दात हलायला लागला. चार दिवस तू नुसत्या पेजेवर काढलेस. परत जाताना मोटारीत बसल्यावर माझ्या कानात म्हणालीस, ‘तार मीच पिळली म्हणून सांगीन अण्णांना. तू नको काळजी करू.’ आणि मी पन्नाशीची बाई गप्प बसले.

श्रीपादनंच लिहिलंय की डॉक्टरांच्या मते तारा नीट बसवून आणखी वर्षभर सांभाळल्या तर तो दात वाचेल. आत्ता काढल्या तर सगळे दात पुन्हा होते तिथेच येतील. तरीही त्याचा हट्ट. त्याच्यासमोर उभी राहिले की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून हे पत्र. वाचून झालं की त्याच्या हातात दे. श्रीपाद, पुढचं तुझ्यासाठी आहे. पोरीची काही चूक नाही. वडी माझी, सोनार मी गाठला, आणि ती खोटं बोलली तेही मला वाचवायला. तिच्या तारा काढू नकोस रे. तिचं हसू माझ्यासारखं पदराखाली जायला नको. बुधवारच्या मोटारीनं येते आहे. गुरुवारी डॉक्टर जे बोलतील ते मी ऐकून घेईन, तोंडावर पदर न घेता.

तुझीच,
जया आत्या