निवृत्तीची शाल

जत,
ता. १७ जानेवारी २०२५

चि. सौ. मंगल हीस,
बिराप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ही चिठ्ठी कोंडीबा ड्रायव्हरच्या हाती देतोय. फोन आहे, पण फोनवर तू माझं निम्मं बोलणं खाऊन टाकतेस. कोंडीबा ज्वारी घेऊन चिपळूणला निघालाय, येताना चिरे भरून येईल. त्याला जेवायला बसवू नकोस. तुझ्या घरी जेवला की हा माणूस पाटणलाच दोन तास आडवा होतो आणि चिपळूणचे व्यापारी माझ्या नावाने ओरडतात.

इकडे सगळे बरे. आपला अमृत आता धंद्यात चांगलाच रुळला. विजापूरची डाळ असो की इथला कांदा, कुठली गाडी कुठे लावायची ते तो मोबाइलवरच ठरवतो. व्यापारीही ऑफिसात फोन करतात तर अमृतशेठ आहेत का असंच विचारतात. मी आहे म्हटलं तर नंतर करतो म्हणतात. धाकटा भाऊ भागीदार म्हणून शोभतोय, बरंच आहे म्हणायचं. पण दिवसभर खुर्चीत बसून मला कंटाळा येतो.

एक गंमत सांगतो. चिपळूणच्या डाळवाल्या मधुकरशेठनी मागच्या खेपेला कोंडीबाबरोबर शाल आणि नारळ पाठवला. सोबत चिठ्ठी, पस्तीस वर्षं आमचा माल सांभाळलात, आता सुखाने विश्रांती घ्या. मी कोंडीबाला खोदून विचारलं, तर म्हणाला की मालक, मला काय ठावं न्हाई, दिलं ते मी आनलं. अमृत म्हणतो, शेठ संक्रांतीला सगळ्यांनाच शाल देतात. संक्रांतीला शाल देतात हे तू कधी ऐकलंस का? तुझी वहिनी ती शाल माझ्या खांद्यावर टाकून हसत सुटली. म्हणाली, आता भाशान करा.

इंद्रजितच्या नोकरीचं काय झालं? पोरगा इंजिनिअर होऊन घरी बसलाय, त्याची काळजी वाटते. पाव्हण्यांना नमस्कार. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझा,
आण्णा

*

पाटण,
ता. २१ जानेवारी २०२५

ती. आण्णांस,
मंगलचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

चिठ्ठी मिळाली. कोंडीबाला जेवायला घातलंच. उपाशी माणूस घाटात पाठवणं मला जमत नाही, ओरडा खायची माझी तयारी आहे.

शालीचं एवढं मनावर का घेतोस? तुझी साठी झाली हे शेठना उशिरा कळलं असेल. थंडी आहे, पांघर. आणि विश्रांती घ्या म्हणाले त्यात चूक काय? किती वर्षं रात्री-अपरात्री गाड्यांमागे धावलास. अमृत करतोय तर करू दे. वहिनीला घेऊन चार दिवस इकडे ये, मी माझ्या शाळेतून रजा काढते.

इंद्रजितला कराडला जागा मिळाली. बरी आहे. सविस्तर नंतर लिहीन.

तब्येतीला जप. गोळ्या वेळेवर घे. आमच्यावरची तुझी सावली अशीच राहू दे.

तुझी,
मंगल

*

जत,
ता. ६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मंगल हीस,
आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र पोस्टाने पाठवतोय. कोंडीबा आता कोणाचा नोकर आहे तेच मला माहीत नाही.

परवा गाडीच्या विम्यासाठी सांगलीला गेलो. विमावाला पोरगा कॉम्प्युटरकडे बघून म्हणाला, आजोबा, मालकाला पाठवा. मी म्हटलं मीच मालक. तो चपापला. मग तिथून करसल्लागाराकडे गेलो, त्याने फाइल काढून कागद दाखवला. मी, बिराप्पा, राजीखुशीने बिरोबा ट्रान्सपोर्टच्या भागीदारीतून निवृत्त होत आहे, यापुढे पाचही गाड्यांवर माझा हक्क नाही. तारीख नोव्हेंबरची. म्हणजे तीन महिने मी रोज सकाळी कुलूप उघडून, उदबत्ती लावून दुसऱ्याच्या ऑफिसात बसत होतो. मधुकरशेठसकट सगळ्या व्यापाऱ्यांना त्या कागदाची प्रत गेली होती. शाल त्या निवृत्तीची होती, मंगल.

त्या कागदावरची सही माझी नाही. खाली बिराप्पा असं स्वच्छ मराठीत लिहिलंय. मी लहानपणी मामाकडे कानडी शाळेत शिकलो, मराठी लिहायला तू नंतर शिकवलंस, पण सही मी आजही कानडीतच करतो. बँकेत, आरटीओत, सगळीकडे. हे अमृत कसा विसरला?

घरी येऊन त्याला विचारलं. मान खाली घालून म्हणाला की आण्णा, तुमी कवा माजं नाव फुडं येऊ दिलं? मी त्याला अंगाखांद्यावर खेळवला गं. बाप गेला तेव्हा तो सात वर्षांचा होता, त्याच्या शाळेसाठी मी ट्रकवर क्लीनर झालो. हे सांगायचं नव्हतं, पण लिहिलं जातं.

कागदावर साक्षीदार म्हणून तुझी सही आहे. ती बघून मला धक्का बसला, मग माझं मलाच हसू आलं. तू कधीपासून मागे लागली होतीस, आण्णा, सही मराठीत कर. ती सही बघून तुला वाटलं असेल, शेवटी ऐकलं माझं, आणि आनंदाच्या भरात तू खाली सही केली असशील. तुलाही त्याने फसवलं. माझा तुझ्यावर राग नाही.

मी तक्रार देणार आहे. सही करताना मी समोर नव्हतो, एवढं तू सांगितलंस तर गाड्या परत मिळतील असं वकील म्हणाले. सांगशील ना? तूच एक उरलीस.

तुझा,
आण्णा

*

पाटण,
ता. १२ फेब्रुवारी २०२५

ती. आण्णांस,
मंगलचा नमस्कार.

तीन वेळा लिहून फाडलं. हे चौथं.

मला आनंद वगैरे झाला नव्हता, आण्णा. मी ती सही ओळखली होती. अमृतला अक्षरओळख मीच करून दिली. बिराप्पामधले दोन प तो एकाखाली एक लिहितो. पट्ट्या मारूनही ती सवय गेली नाही. कागद समोर आल्या आल्या मला कळलं.

भाऊबीजेला तो एकटाच आला होता. स्वयंपाकघरात बसून रडला. म्हणाला, सत्तेचाळीस वर्षांचा झालो, तरी आण्णा ड्रायव्हरांसमोर मला ए पोरा म्हणतो. महिन्याभरात मीच आण्णाच्या पाया पडून सगळं सांगतो, तू फक्त सही कर. मला त्याची दया आली हे खरं. पण पूर्ण खरं तेवढं नाही. तो कराडला ऑफिस उघडत होता आणि इंद्रजितला तिथे मॅनेजर करतो म्हणाला. दोन वर्षं माझा मुलगा दुपारपर्यंत पांघरूण घेऊन पडायचा. मी पेन उचललं.

नंतर तू शालीचं लिहिलंस. मी तुला ती पांघरायला सांगितली. ते लिहिताना माझा हात थांबलाही नाही, याची मला सगळ्यात लाज वाटते.

साक्ष देईन. वर लिहिलं तेच सगळं सांगेन, माझ्यासकट. शाळेत कळलं तर कळू दे. तू एकदा फोन घे. शिव्या दे, पण घे.

मंगल

*

जत,
ता. १८ फेब्रुवारी २०२५

सौ. मंगल हीस,

पत्र पोचले. तुझी वहिनी वाचून दाखव म्हणाली, मी दाखवले नाही. तिला तू अजून आवडतेस.

आज तक्रार दिली. बँकेतल्या कानडी सहीचे नमुने जोडलेत, तेवढे पुरे होईल असे वकील म्हणतात. तुझी साक्ष नको. वकिलांनी विचारले, या बाई कोण, साक्षीदारांत घालू की आरोपींत. मी म्हटले, कशातच नको. पोलीस त्यांच्या परीने शोधतील ते शोधतील, मी माझ्या हाताने तुझे नाव लिहिले नाही.

ही माया समजू नकोस. यापुढे तुझे आणि माझे नाव एका कागदावर यायला नको, एवढेच.

बिराप्पा