पोटखराब ग्रह

रविवार, १५ जुलै १९७३

दस्तगीर संध्याकाळीच मुरगूडच्या एसटीला गेला आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या दोघांच्या विज्ञानकथांसाठी ग्रहांचे प्रकार ठरवायचे होते. मी फिजिक्सचा मास्तर. महिनाभर खपून अकरा वर्ग पाडले. तापमान, वातावरण, गुरुत्वाकर्षण, सगळं कोष्टकात. आणि हा तलाठी चहा फुंकत म्हणतो, "सर, एवढं कशाला? जिरायत, बागायत, गायरान आणि पोटखराब. संपलं की!"

पोटखराब! शेतातल्या पीक न येणाऱ्या तुकड्याला सातबाऱ्यावर लिहितात तो शब्द, अख्ख्या ग्रहाला!

मी म्हटलं, हे शास्त्रीय नाही. पण माझं कोष्टक ऐकताना जांभया देणारी आमची सुमन दारात थबकली. "भावजी, मग त्या पोटखराब ग्रहावर राहतं कोण?"

"ज्यांच्या नावावर कुठंच सातबारा न्हाय ती माणसं, वहिनी."

हे त्याला तिथल्या तिथं सुचलं? की घरून ठरवून आला होता? ठरवून आला असेल तर जरा बरं वाटेल. माझ्या अकरा वर्गांत कोण राहतं, हा प्रश्न मला स्वतःलाही कधी पडला नाही.

पोटखराब. मला का नाही सुचला?

जेवताना सुमननं विचारलं, "पुढं काय झालं असेल हो त्या माणसांचं?" "त्यालाच विचार," म्हणून मी खेकसलो.

शनिवारी अर्धी शाळा. दुपारच्या एसटीनं मुरगूडला जाणार आहे, सातबाऱ्याचं काहीतरी निमित्त काढून.