वेलीला मांडव घातला त्याची हकिगत

ती. आत्या हिस,

दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत असल्यामुळे लांबूनच नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो म्हणाली होतीस, तो अजून कुरकुरतो की आता नुसताच दुखतो? (कुरकुरणं बरं. घड्याळाचंही तसंच असतं, आवाज येतो तोवर आत काहीतरी चालू आहे असं समजायचं.) माझी तब्येत उत्तम आहे. नखं सोडली तर बाकी मी स्वच्छही आहे. दुकानात गिऱ्हाईक घड्याळ पुढे करतं, माझ्या बोटांकडे बघतं आणि घड्याळ पुन्हा मनगटावर चढवतं, एवढाच काय तो त्रास.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण फोनवर तू सारखी "मग पुढे?" म्हणतेस आणि मी मागचं विसरतो. घर सोडून तू लेकाकडे सातव्या मजल्यावर राहायला गेलीस, तेव्हा मला कागदाच्या पुडीत चार बिया दिल्यास. हा दुधी तुझ्या परसात तुझ्या सासूबाईंपासूनचा, आता एवढ्या चारच उरल्यात, एक तरी फळ वेलीवर वाळू दे आणि बी मला परत दे, असं म्हणालीस. मी लगेच हो म्हणालो. वास्तविक माझा भाजीशी संबंध ती पिशवीतून घरी आणण्यापुरता. पण वीसवीस वर्षं बंद पडलेली घड्याळं मी चालू केली आहेत, आणि बी म्हणजे तरी काय, बंद घड्याळच, अशी माझी समजूत होती. ही समजूत तीन बियांना भोवली.

पहिली बी पाण्याने गेली. मी चहा घेतला की तिलाही पाणी द्यायचं असा नेम ठेवला होता, आणि मी दिवसाला नऊ चहा घेतो हे तुला माहीत आहे. दुसरी माझ्या धंद्याने मारली. घड्याळ चालतंय की नाही हे मागचं झाकण उघडल्याशिवाय कसं कळणार? तेव्हा रोज सकाळी डोळ्याला भिंग लावायचं, चिमट्याने बी वर काढायची, नीट बघायची आणि परत पुरायची. पाचव्या दिवशी तिला केसाएवढं मूळ फुटलेलं दिसलं आणि मला इतका आनंद झाला की ते खालून कसं दिसतं हे बघायला मी ती उलटी केली. मूळ चिमट्यात राहिलं. तिसरीच्या वेळी मी जास्त हलक्या हाताने उघडलं, एवढाच फरक. चौथी मी गच्चीवरच्या अर्ध्या कापलेल्या पिंपात कशीबशी पुरली आणि तापाने आठ दिवस अंथरूण धरलं. त्या आठ दिवसांत तिला ना कोणी नववा चहा दिला ना कोणी उघडून बघितलं. उठून वर गेलो तर दोन पानं माझ्याकडे बघत होती. आत्या, मला रडू आलं. (ताप पूर्ण उतरला नव्हता, हेही खरं.)

पुढे ती अशी सुटली की विचारू नकोस. गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरून ती खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या बाल्कनीत शिरली. या बाई शाळेत जीवशास्त्र शिकवतात, माझ्यासारख्याच एकट्या राहतात आणि दारावर एकदाच टकटक करतात. वेलीने त्यांच्या वाळत घातलेल्या मोज्याला तणावा गुंडाळला होता. तो मोजा पुरावा म्हणून घेऊन त्या वर आल्या. म्हणून मी घाईघाईने तुला फोन लावला, तुझ्याकडे लिफ्टची घरघर चालली होती, आणि त्या घरघरीत तू ओरडलीस, "अरे, मांडव घाल आता, किती उशीर करशील!"

आता मला सांग, शहरात वाढलेल्या माणसाला मांडव किती प्रकारचे ठाऊक असणार? चार काठ्या आणि सुतळी यालाही मांडव म्हणतात हे मला कोणी सांगितलं होतं का? मी सरळ मांडववाल्याला फोन केला. त्याने विचारलं, मुलगी कोणाकडची? वेलीला मुलगी म्हणण्याची त्या लोकांत पद्धत असेल असं वाटून मी म्हटलं, आत्याकडची. कार्य कधी, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, जितकं लवकर तितकं बरं, फार झपाट्याने वाढतेय, माझ्याच्याने आवरत नाही, आताच शेजारच्या बाल्कनीत शिरायला लागली आहे. तो अगदी हळू आवाजात म्हणाला की काळजी करू नका, उद्या सकाळीच येतो.

आणि आला की. मी दुकानातून परत येईपर्यंत गच्चीवर बत्तीस बांबू, लाल-पांढरं छत, झालर आणि कमान. तळमजल्यावरचे पेन्शनर काका इस्त्रीचे कपडे घालून, हातात गुच्छ घेऊन जिन्यात उभे. माझा हात हातात घेऊन म्हणाले, शेवटी जमलं म्हणायचं. मी हो म्हणालो, फक्त एकच उगवली, पण जोमदार आहे. काकांनी गुच्छ दिला नाही. मांडववाला मुलगी शोधत होता, त्याला मी पिंपापाशी नेलं. तो बराच वेळ वेलीकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा माझ्या डोक्यात बांबू घालणार. पण त्याने मुकाट्याने छत उतरवलं, कारण वेलीला ऊन लागतं, आणि स्वतःच्या हाताने शेंडा बांबूवर चढवून दिला. त्याच्या लहानपणी त्यांच्याही दारात दुधी होता म्हणे.

तरी फळ काही धरेना. पांढरीशुभ्र फुलं यायची आणि गळून पडायची. पंधरा दिवसांत एकेचाळीस फुलं गळाली आणि पुडीत आता काही नव्हतं. तुझ्या सासूबाईंपासून चालत आलेली गोष्ट माझ्या गच्चीवर संपणार, हे तुला कोणत्या तोंडाने सांगू? शेवटी मी मोजा धुऊन, इस्त्री करून परत नेऊन दिला आणि बाईंनाच विचारलं. त्या वर आल्या. लांब देठाचं ते नर फूल, आणि पाठीमागे बोटाएवढा दुधी घेऊन येतं ते मादी, असं त्यांनी दाखवलं. इतक्या उंचावर किडे फिरकत नाहीत, म्हणजे हे काम हातानेच करायला हवं. संध्याकाळी सहा वाजून सतरा मिनिटांनी मादी फूल उमललं. बाईंनी ते दोन बोटांत धरलं, मी भिंग लावून चिमट्याने नर फूल आणलं. बाई म्हणाल्या, "घाई करू नका. आणि उद्या उघडून बघायचं नाही."

मी उघडून बघितलं नाही. आज बारा दिवस झाले, दुधी वीतभर आहे. तो बियांसाठी ठेवला आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही. वाळून आत बिया खुळखुळल्या की समजायचं. मी रोज त्याला कान लावतो. अजून काही ऐकू येत नाही, पण सवय राहते.

तुझा,
मातीतला भाचा

ता. क. मांडववाल्याला बांबू महिनाअखेर दुसऱ्या कार्याला हवे आहेत. पण वेलीने एकेक बांबू असा धरलाय की तोडल्याशिवाय सुटणार नाही, आणि तोडायला तो तयार नाही. वर म्हणतो, लग्न न लागता मांडव उतरवायची वेळ त्याच्यावर आजवर आलेली नाही, धंद्याला बरं दिसत नाही.

ता. क. २ बाई रोज सहा वाजून सतरा मिनिटांनी वर येतात. दुधी बघायला. आता फूल नसलं तरी येतात.

ता. क. ३ तू फोनवर "मांडव घाल" म्हणालीस ते नक्की कोणाबद्दल? मी वेलीबद्दल समजलो. बाईंना सांगितलं, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या आत्यांनाच एकदा विचारा." तेव्हा विचारतो. आणि वेलीबद्दल म्हणाली नसशील, तर गुडघ्याला तेल लावून महिनाअखेरच्या आत ये आणि बाईंशी तूच बोल. मी बोलायला गेलो तर चिमटा घेऊन जाईन.