तोंडापुरती चीर

ब्रोकन बो, नेब्रास्का
१२ जानेवारी

चि. मेरिट यास,

अ. उ. आ., आणि सोबत एक धपाटा. धपाटा अशासाठी की ऑक्टोबरपासून तुझं एक पत्र नाही. नाताळचं कार्ड आलं, पण त्यावर नुसती सही. अरे, सही बँकेला करतात, बहिणीला नाही. मी बहिरी आहे म्हणून तुझ्याशी फोनवर बोलता येत नाही, हे एक दुःख. तू लिहायचंही सोडलंस तर मी काय भिंतीवरून तुझी खुशाली वाचू?

पार्सल पाठवलं आहे. टोपीचे दोन सदरे, एक फिकट निळा, एक राखी. कापड तेच, ऊन आत न येऊ देणारं. बाह्या या वेळी अंगठ्यापर्यंत घेतल्यात, कारण मागच्या फोटोत तुझी मनगटं करपलेल्या पावासारखी दिसत होती. बोटं कापलेले हातमोजे तीन जोड. आणि तोंडाची फडकी चार. चीर नेहमीच्या जागी, ओठांसमोर, पण कडेला दुहेरी काजं घातलंय, म्हणजे उसवायचं नाव नको. फोटोवरून आठवलं, एखादा तरी फोटो फडकं काढून पाठव. प्रत्येक फोटोत मासा तोंड उघडून हसतोय आणि माझा भाऊ बुरख्यात!

इथे बर्फ गुडघ्यापर्यंत आहे. हिवाळ्यात माझी पंचाईत होते. लोकांचे ओठ बघून मला बोलणं कळतं, आणि इथे नोव्हेंबरपासून जो तो मफलर नाकापर्यंत गुंडाळतो. सगळं गाव मुकं होऊन बसतं. परवा पोस्टातली बाई माझ्याशी दोन मिनिटं काहीतरी बोलली आणि मी नुसती मान हलवली. नंतर कळलं, तिची आई गेल्याचं सांगत होती. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

मार्चमध्ये मी पंचाहत्तर पुरी करते. माझा वॉल्टर असता तर त्यानं केक आणला असता आणि निम्मा त्यानंच खाल्ला असता. या वेळी मी तुझ्याकडे येईन म्हणते, दोन आठवडे. मागच्या खोलीतला पसारा काढून ठेव.

तुझी वाट बघणारी,
ओडेसा

—

इस्लामोराडा, फ्लोरिडा
३ फेब्रुवारी

ती. ओडेसाताईस,

शि. सा. न. धपाटा पोचला, पाठीवर अजून वळ आहे.

सदरे झकास बसले. मी खुशाल आहे. कामाची नुसती धांदल आहे. गेल्या आठवड्यात शिकागोचा एक गडी मासेमारीला आला होता. होडीत बसल्याबसल्या त्यानं सदरा काढून फेकला. मी सांगून पाहिलं की बाबा, इथे ऊन वरून लागतं आणि पाण्यावरून उलटं खालूनही लागतं. तो म्हणाला की ऊन फुकट आहे तर घेऊ दे की. दुपारी दोनपर्यंत उकडलेली शेवंड झाला होता बेटा. शेवटी माझाच जादा सदरा मागून घेतला आणि टोपी डोळ्यांवर ओढून निपचित पडला. मासे राहिले बाजूलाच.

मार्चचं मात्र जमणार नाही गं. मागची खोली मी भाड्यानं दिली आहे. शिवाय टारपन मासे यायला लागतात, मी पहाटेपासून पाण्यावर असतो, तू दिवसभर एकटी काय करशील? पुढच्या वर्षी बघू.

आणि एक. फडकी आता शिवू नकोस. दुकानात तयार मिळतात, सलग, चीर नसलेली. हल्ली सगळे तीच वापरतात. तुझ्या डोळ्यांना कशाला उगीच ताण? बाकी नवीन काही नाही.

तुझा आज्ञाधारक (निदान पत्रात तरी),
मेरिट

—

ब्रोकन बो
२० फेब्रुवारी

चि. मेरिट यास,

आ. आहेतच. धपाटा या वेळी नाही, कारण रागावले आहे.

खोली भाड्यानं दिलीस? त्या खोलीत तर तुझ्या बायकोचं, जूनचं शिवणयंत्र आहे. ती गेल्यापासून सहा वर्षं तू त्याच्यावरची चादरसुद्धा बदलू दिली नाहीस कुणाला. म्हणजे भाडेकरू तरी खोटा, नाहीतर तू तरी बदललास. कुणी बाई आली असेल आयुष्यात तर सरळ सांग, मी नाक मुरडणार नाही. फार तर एकदोनदा मुरडेन.

फडक्याचं मनाला लागलं, खोटं कशाला बोलू. तुला आठवतं का बघ. एकोणीस वर्षं झाली. मी आले होते आणि हट्टानं तुझ्याबरोबर होडीत आले. तू मागे उंच उभा राहून लांब काठीनं होडी रेटत होतास, नाकापर्यंत फडकं ओढलेलं. दोरीला गळ बांधायचा म्हटलं की फडकं खाली, गाठ ओठांत धरून ओली करायची, दातांनी टोक तोडायचं, मग फडकं वर. मी मोजलं होतं, दुपारपर्यंत एकतीस वेळा. त्या संध्याकाळी तुझ्या जेवणाच्या टेबलावर मी पहिली चीर कापली आणि जूनच्या यंत्रावर शिवली. जून हसून हसून खुर्चीतून पडायच्या बेतात होती, म्हणाली की नवऱ्याला बटणाचं काजं केलं बाईनं. तू दुसऱ्या दिवशी ते घातलंस, आणि मग एकोणीस वर्षं घातलंस.

आयुष्यभर मी लोकांचे पडदे शिवले. ते त्यांनी दोन-चार वर्षांनी बदलले. माझ्या हातचं कुणाला रोज लागत होतं असं तेवढंच एक होतं. असो. तुला नको असेल तर नको.

आठवडाभर कुणाशी बोलणं नाही. टपालवाला आला की मी दारातच असते. एवढं तरी लक्षात घे.

ओडेसा

—

इस्लामोराडा
४ मार्च

ओडेसाबाईंना,

स. न. वि. वि. आपली ओळख नाही, तरी लिहिते आहे. मी युलालिया. धक्क्यावर माझं आमिषाचं दुकान आहे. जिवंत कोळंबी, बर्फ आणि कडक कॉफी. तुमच्या भावाचं टपाल माझ्याच दुकानात येतं, तुमचा पत्ता तिथूनच घेतला. पार्सलात काय असतं ते तो सांगत नाही. खाऊ असावा असं मला वाटतं. वाटून खाल्लेला काही बघितला नाही बाई कधी.

मेरिटनं मला शपथ घातली होती. पण मी क्यूबाच्या आईची लेक आहे, शपथा आम्ही देवापुढे मोडतो आणि मग मेणबत्ती लावतो. तर ऐका. तो ऑक्टोबरपासून पाण्यावर गेलेला नाही. होडी ताडपत्रीखाली आहे. त्याच्या खालच्या ओठाला कर्करोग झाला. नोव्हेंबरात मायामीला कापला. ओठाचा तिसरा हिस्सा गेला. आता जेवण म्हणजे सूप, मीच नेऊन देते काळ्या घेवड्याचं. बोलतो ते मला निम्मं कळतं, बाकीच्यांना तेवढंही नाही. म्हणून तो बोलतच नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावरसुद्धा नाकापर्यंत फडकं ओढून येतो, कॉफी घेतो आणि प्यायला घरी नेतो. पाच महिने झाले, मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही.

इथल्या सगळ्या गाइड लोकांनी तोंड झाकूनच जन्म काढला, आणि याला ओठावर व्हावं! कारण त्याच्या फडक्याला नेमकी ओठांसमोर चीर. गाठी ओल्या करायला. मी त्याला शंभरदा म्हटलं असेल की अरे, सगळं घर बंद करून खिडकी उघडी ठेवलीस. डॉक्टरांनी ते फडकं पाहिलं आणि विचारलं की हे कुणी केलं. तर म्हणाला, मीच केलं, मासे कापायच्या सुरीनं. सुरीनं कापलं असेल, पण कड अशी सुरेख घातली आहे की एखादी शिंपीण लाजेल. माणसाच्या हातात काय काय कला असते बघा.

आता लिहायचं कारण. मानेत गाठ आली आहे. ती काढायला सव्वीस मार्चला पुन्हा मायामीला बोलावलं आहे. रुग्णालयाच्या कागदावर विचारलं होतं की नंतर दहा दिवस सोबत कोण राहील. यानं तिथे लिहिलं, कुणी नाही. त्यांनी सांगितलं की माणूस आणा, नाहीतर तारीख पुढे जाईल. हा म्हणाला, जाऊ द्या. बाई, ती गाठ थांबणार आहे का त्याच्यासाठी? मी गेले असते. पण माझा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे, त्याला एक रात्र टाकून जाता येत नाही.

राग मानू नका. मानलात तरी चालेल, पण या.

आपली,
युलालिया

—

ब्रोकन बो
११ मार्च

मेरिट,

युलालियाबाईंचं पत्र आलं. त्यांच्यावर चिडू नकोस.

सुरीनं कापलं म्हणालास. तुला सदऱ्याचं बटण लावता येत नाही. जून गेल्यावर तू दोन वर्षं सेफ्टीपिना लावून फिरत होतास. आणि डॉक्टरसमोर म्हणालास की मी केलं.

तीन दिवस मी तुला लिहायचा प्रयत्न करते आहे. चार कागद फाडले. आता जे आहे ते लिहिते, मग तू मला बहीण म्हण, नाहीतर नको म्हणूस.

दोरीच्या गाठीचं निमित्त होतं. त्या दिवशी होडीत तू सबंध दिवस बोलत होतास. जून मागे वळून वळून हसत होती, तुला उत्तरं देत होती, आणि मला फक्त एक निळं फडकं हलताना दिसत होतं. दर वेळी गाठ बांधायला तू ते खाली घेतलंस की मला एखाददुसरा शब्द मिळायचा. दोन हजार मैलांवरून मी तुला भेटायला आले होते आणि माझ्या वाट्याला दुपारपर्यंत एकतीस शब्द. संध्याकाळी मला रडू आलं. म्हणून चीर कापली. मला तुझे ओठ दिसावेत म्हणून. पुढचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले, आणि नंतर मी इकडे निघून आले. तू मात्र ते रोज घालत राहिलास. मी वर नवीन शिवून पाठवत राहिले. मागच्या महिन्यात तर रुसलेसुद्धा.

चारही फडकी जाळून टाक. मला क्षमा कर असं लिहावंसं वाटतं, पण ते तुझ्यावर ओझं टाकल्यासारखं होईल, म्हणून लिहीत नाही.

मी येते आहे. विचारत नाही, कळवते आहे. तेवीस तारखेला विमानानं मायामी, तिथून संध्याकाळची बस. रुग्णालयात माझं नाव दे. तोंड दाखवायचं नसेल तर दाखवू नकोस. मी पाठ फिरवून बसेन, सूप करेन, आणि तू कागदावर लिहीत जा.

ओडेसा

—

इस्लामोराडा
१६ मार्च

ती. ओडेसाताईस,

शि. सा. न. युलालियाशी मी दोन दिवस बोललो नाही. तिला ते कळलंच नाही, कारण मी एरवीही बोलत नाही. म्हणून सोडून दिलं.

निमित्ताचं म्हणशील तर ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मासे बघायला आलेलं माणूस होडीत पुढे तोंड करून बसतं. तू सबंध दिवस माझ्याकडे तोंड करून बसली होतीस. गाठ काय, समुद्रात बुडवूनही ओली होते. फडकं शिवत होतीस तेव्हा मी जूनला सांगितलं होतं की तिला शिवू दे, मी घालीन. पुढे घालत राहिलो, कारण पहाटे एकट्यानं निघताना आपल्या माणसाच्या हातचं काहीतरी अंगावर असायचं. जून गेल्यावर तर जास्तच.

आणि डॉक्टर काय म्हणाला तेही ऐक. मी फडकं बांधू लागलो त्याआधी माझी पंचवीस वर्षं पाण्यावर उघड्या तोंडानं गेली आहेत, सुरुवात तिथेच झाली असेल. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. आलीस की तूच विचार त्याला. त्याला झुपकेदार मिशा आहेत, तुला एक अक्षर वाचता येणार नाही, तेव्हा लिहून घे. चिरेचा काहीच वाटा नव्हता असं तो म्हणाला नाही. तू विचारलंस तर तो ते सांगेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

भाडेकरू खोटा होता. शिकागोचा गडी खरा होता, पण तीन वर्षांपूर्वीचा.

तुला येऊ नको म्हणालो ते तू स्वतःला दोष देशील म्हणून, हे निम्मंच खरं आहे. मी आरशासमोर बोलून बघतो. ओठ जिथे मिटायला पाहिजेत तिथे मिटत नाहीत. जगात माझं बोलणं सगळ्यांत चांगलं तुलाच कळायचं, एक आवाज न ऐकता. तू समोर बसून माझ्या तोंडाकडे बघशील आणि तुला काही म्हणजे काही कळणार नाही, ह्याची मला धास्ती होती. मग माझ्याजवळ कोण उरलं?

काल रुग्णालयाला तुझं नाव कळवलं. त्यांनी नातं विचारलं. मला ते तोंडानं नीट सांगता येईना, म्हणून युलालियानं फोन घेतला आणि गावाला ऐकू जाईल एवढ्यानं सांगितलं.

ताई, मला मानेतल्या त्या गाठीची भीती वाटते. मी हे कुणाला म्हटलेलं नाही. रोज वाटते.

बस साडेसातला येते. ऊन तेव्हा उतरलेलं असतं, पण उजेड चांगला असतो. मी थांब्यावर फडकं न बांधता उभा राहीन. तू उतरलीस की आधी दचकशील. दचक. नजर खाली घातलीस तरी मी मनात ठेवणार नाही. पण मग परत वर बघ, कारण मी बोलत असेन.

आहे तेवढ्या तोंडानं तुझाच,
मेरिट